हसऱ्या पडद्यावरील नास्तिक व मिश्रविवाह

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी कुटुंबमेळाव्यात दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी धर्मगुरूने उपासना, प्रार्थना किंवा पूर्वजांचे उपकार यांविषयी चार शब्द बोलावेत, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु महोत्सव समितीने आम्हास विषय नेमून दिला तो निराळाच. दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांत नास्तिक माणसाचे व भिन्नधर्मीय जोडप्याचे चित्र कसे रेखाटले जाते, याचा विचार आम्ही आपणासमोर मांडावा, असे समितीतील तरुण सभासदांनी सुचविले. विषय कानी पडताच काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळास आठ्या पडल्या. "फादर, जुबिलीत हे कसले नाटक-सिनेमे?" असा प्रश्नही आला. त्यावर आमचे उत्तर एवढेच, की ज्या पडद्यासमोर आमच्या घरांतील संध्याकाळ सरते, त्याकडे धर्मगुरूने पाठ फिरविली म्हणून तो पडदा विझत नाही. शिवाय या विषयाची मुळे आमच्याच अंगणात आहेत. पन्नास वर्षांपूर्वीची विवाहाची नोंदवही उघडली तर मिश्रविवाहाची नोंद पानामागून पान उलटून शोधावी लागते. अलीकडची उघडली तर ती शोधावी लागत नाही. आणि रविवारी मिस्साला न येणारा, परंतु एरवी आईचा शब्द खाली न पडू देणारा मुलगा आज कोणत्या आळीत नाही?

प्रथम एक जुनी हकीकत सांगतो. सन १९५२ मध्ये अमेरिकेत 'आय लव्ह लूसी' ही विनोदी मालिका कमालीची लोकप्रिय होती. तिची नायिका लूसिल बॉल गरोदर राहिली आणि तिचे गरोदरपण कथानकातच गुंफावयाचे ठरले. काळ असा होता, की 'गरोदर' हा शब्दही पडद्यावर उच्चारू नये असा वाहिनीचा दंडक होता. एवढ्यावर न थांबता त्या भागांची संहिता एक कॅथलिक धर्मगुरू, एक प्रॉटेस्टंट पाळक व एक यहुदी रब्बी अशा तिघांच्या नजरेखालून घालण्यात आली. पुढे १९ जानेवारी १९५३ रोजी कथेतील त्या बाळाचा जन्म सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी आपापल्या घरी बसून पाहिला. आज कोणतीही वाहिनी धर्मगुरूचा सल्ला घेण्यास येत नाही, आणि तिने यावे असेही आम्हास वाटत नाही. कारण विनोदावर पहारा बसविणे हे आमचे काम नव्हे. तथापि धर्मगुरू एखादी मालिका पाहतो तेव्हा जेथे इतरेजन हसतात तेथे त्यास आपल्या नोंदवहीतील नावे आठवतात. त्या दृष्टीने जे दिसले ते आपणापुढे ठेवावे, एवढाच आमचा हेतू आहे.

या प्रकारच्या मालिकेस 'सिटकॉम' म्हणतात. जाहिराती वगळल्या तर तिचा एक भाग सुमारे २२ मिनिटांचा असतो. तीच बैठकीची खोली, तोच कोच, तीच पाचसहा माणसे. आरंभी काही घोटाळा होतो, मध्यंतरी तो वाढतो, अखेरीस सलोखा होतो. आणि पुढील आठवड्यात सर्व पात्रे पुन्हा जेथल्या तेथे हजर असतात. हा दोष नव्हे. तो त्या कलाप्रकाराचा स्वभाव आहे. परंतु या स्वभावामुळे असे होते, की जो प्रश्न २२ मिनिटांत मिटण्याजोगा असेल तोच येथे मोकळेपणाने घेतला जातो आणि जो मिटण्याजोगा नसेल तो लहान करून घेतला जातो. श्रद्धा, अश्रद्धा आणि मिश्रविवाह हे प्रश्न या मालिकांनी याच रीतीने लहान करून घेतले, असे आमचे मत आहे. मात्र एक ठिकाण असे आहे, की जेथे येताच हे प्रश्न लहान होण्याचे नाकारतात. ते ठिकाण म्हणजे बाप्तिस्म्याचे कुंड. याच ठिकाणापर्यंत आज आपणास न्यावयाचे आहे.

आधी मिश्रविवाहाकडे वळू. या विनोदाचा पूर्वज दूरचित्रवाणीच्याही आधीचा आहे. सन १९२२ मध्ये ॲन निकोल्स या लेखिकेचे 'एबीज आयरिश रोज' हे नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले. मुलगा यहुदी, मुलगी आयरिश कॅथलिक. दोघांचेही बाप संतापलेले. आणि त्या दोन बापांच्या मध्ये एक समजूतदार रब्बी व एक समजूतदार फादर. टीकाकारांनी नाके मुरडली. परंतु प्रेक्षकांनी नाटक असे उचलून धरले, की त्याचे २,३२७ प्रयोग झाले. नाटकाच्या शेवटी त्या दांपत्यास जुळी होतात, एक मुलगा व एक मुलगी; एकाचे नाव कॅथलिक घराण्यातले, दुसरीचे यहुदी घराण्यातले. दोन्ही आजोबांच्या पदरात एकेक नातवंड पडते आणि सर्वांची तोंडे गोड होतात. तोडगा मोठा गमतीचा आहे खरा. पण ज्या घरात एकच बाळ जन्मास येते त्या घराने काय करावे, हे मात्र नाटक सांगत नाही.

त्यानंतर बरोबर ५० वर्षांनी, सन १९७२ मध्ये, सीबीएस या अमेरिकन वाहिनीने तीच जोडी पडद्यावर आणली. मालिकेचे नाव 'ब्रिजेट लव्ह्ज बर्नी'. ब्रिजेट ही श्रीमंत आयरिश कॅथलिक घरची शिक्षिका. तिचा भाऊ धर्मगुरू. बर्नी हा टॅक्सी चालविणारा यहुदी तरुण. त्याच्या आईबापांचे खाद्यपदार्थांचे दुकान. मालिका लोकप्रियतेत त्या वर्षी पाचव्या क्रमांकावर होती. तरीही २४ भागांनंतर, सन १९७३ मध्ये, ती बंद करण्यात आली. यहुदी धर्मातील निरनिराळ्या पंथांच्या रब्बींनी तिला कडाडून विरोध केला होता, आणि त्या विरोधामुळेच ती बंद पडली असे पुष्कळांचे मत आहे. या प्रकरणात दांडगाईच्या धमक्या देणारेही काही लोक होते. त्यांचे समर्थन कोणीही करू नये. परंतु त्या रब्बींच्या दुःखाची चेष्टा करणे आम्हास जमत नाही. जो समाज संख्येने लहान आहे, ज्याची लक्षावधी माणसे एका पिढीपूर्वी युरोपात मारली गेली, त्या समाजाच्या दृष्टीने मुलाचे लग्न बाहेर होणे म्हणजे एका घरातील दिवा मालवणे होते. पडद्यावर त्या दुःखाचे काय झाले? ते हट्टी सासूसासऱ्यांच्या तक्रारींत विरघळून गेले. आम्हीही या देशात मूठभर आहोत. यास्तव हे दुःख आम्हास परके वाटू नये.

पुढील काळात हट्टी सासूसासरेही उरले नाहीत, आणि धर्म हा केवळ सणाच्या पोशाखापुरता राहिला. आमच्या तरुणांना तोंडपाठ असलेली 'फ्रेंड्स' ही मालिका घ्या. ती १९९४ पासून २००४ पर्यंत चालली. तिच्यातील रॉस हा यहुदी. त्याचा लहानगा मुलगा बेन आईपाशी वाढतो आणि त्यास सांताक्लॉजखेरीज दुसरे काही सुचत नाही. सन २००० च्या नाताळातील एका भागात या बापाच्या मनात येते, की मुलास आपल्या हनुक्का सणाची गोष्ट सांगावी. सांताचा पोशाख काही त्यास मिळत नाही. म्हणून तो पाठीवर कवच असलेल्या आर्माडिलो नामक प्राण्याचे सोंग घेऊन मुलापुढे उभा राहतो. पाठोपाठ एक मित्र सांता होऊन येतो, दुसरा सुपरमॅन होऊन येतो, आणि हास्याचा नुसता कल्लोळ उडतो. हा भाग पाहून आम्हीही हसलो. परंतु हसता हसता त्या बापाच्या जीवाची तगमगही दिसली. आपल्या वाडवडिलांचा ठेवा आपल्यापाशीच संपू नये म्हणून हा मनुष्य सोंग घ्यावयासही तयार झाला आहे! आणि ज्या मक्काबी वीरांची गोष्ट तो सांगू पाहतो ती आमच्या कॅथलिक बायबलातही आहे, हे आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक असेल? त्याच मालिकेत पुढे, सन २००१ मध्ये, रॉसच्या बहिणीचे लग्न लागते, तेव्हा लग्न लावणारा असतो त्यांचाच एक नट मित्र. इंटरनेटवरून पाळकपणाची सनद मिळवून तो उभा राहिलेला असतो. वधूचा धर्म कोणता, वराचा कोणता, हे तेथे कोणी विचारीतच नाही. प्रश्न सुटला असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः तो विचारलाच गेलेला नसतो.

अगदी अलीकडे, सन २०२४ मध्ये, 'नोबडी वॉन्ट्स धिस' या मालिकेने तो प्रश्न पुन्हा विचारला, हे तिच्या बाजूने नमूद केले पाहिजे. तिचा नायक तरुण रब्बी आहे आणि नायिका देवाविषयी निश्चित काहीच न मानणारी. तिने यहुदी धर्म स्वीकारल्याखेरीज त्यास आपल्या सभास्थानाचे प्रमुखपद मिळणे कठीण. एका माणसाचे प्रेम व त्याचे पाचारण समोरासमोर आल्यावर काय होते, हे येथे थोडेबहुत गांभीर्याने पाहिले आहे. तथापि येथेही नायकाच्या घरच्या यहुदी स्त्रिया बहुधा अडथळा म्हणूनच उभ्या केल्या आहेत, अशी तक्रार खुद्द यहुदी प्रेक्षकांनी केली. आणि ती रास्त आहे. कॅनडातील 'लिटल मॉस्क ऑन द प्रेअरी' ही मालिका, जी २००७ पासून २०१२ पर्यंत चालली, या बाबतीत अधिक उदार म्हणावी लागेल. एका खेड्यातील मूठभर मुसलमान अँग्लिकन चर्चचे सभागृह भाड्याने घेऊन तेथे मशीद चालवितात, अशी ती कथा. तीत विवाहापूर्वी अँग्लिकन असलेली व पुढे मुसलमान झालेली एक गृहिणी आहे. तेथील इमाम व पाळक यांचे सख्य आहे. विनोद भरपूर, परंतु तेथील माणसे खरोखर प्रार्थना करतात, आणि ती वेडी आहेत म्हणून करतात असे मालिका सुचवीत नाही.

आता या मिश्रविवाहाची दुसरी बाजू, जी पडद्यावर येत नाही व धर्मगुरूच्या मेजावर येते, ती थोडक्यात सांगतो. सन १९१७ च्या आमच्या कायदेसंहितेनुसार मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक श्रद्धेतच होईल असे वचन वधू व वर या दोघांकडूनही घेतले जाई, आणि असा विवाह सर्वसाधारणतः देवळाच्या वेदीपुढे होत नसे. सन १९७० मध्ये पोप सहावे पॉल यांनी यात बदल केला, आणि सन १९८३ च्या संहितेनेही तोच मार्ग ठेवला. आता वचन कॅथलिक व्यक्तीनेच द्यावयाचे: आपली श्रद्धा आपण टाकणार नाही, आणि मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढविण्यासाठी आपल्याकडून होईल ते सर्व करू. दुसऱ्या व्यक्तीस या वचनाची पूर्ण कल्पना द्यावयाची. तिच्याकडून वचन घ्यावयाचे नाही. दुसरी व्यक्ती बाप्तिस्मा न झालेली असेल, म्हणजे आपल्याकडे बहुधा असते तशी हिंदू असेल, तर विवाह वैध होण्यासाठी महागुरूंच्या कचेरीकडून सूट घ्यावी लागते.

पुष्कळांस हे सर्व कागदी सोपस्कार वाटतात. आम्हास मात्र ते या विषयावरील सर्वांत प्रामाणिक संभाषण वाटते. कारण त्या मेजापाशी बसलेल्या दोघांना, बहुधा आयुष्यात प्रथमच, एकमेकांच्या देखत सांगावे लागते, की आपण काय मानतो, काय सोडणार नाही, आणि अजून न जन्मलेल्या मुलासाठी काय इच्छितो. कित्येक जोडपी चार वर्षे एकत्र हिंडलेली असतात. पण या प्रश्नापाशी येऊन स्तब्ध होतात. एखादा मुलगा डोळ्यांत पाणी आणून म्हणतो, "फादर, हे आम्ही कधी बोललोच नाही." नाताळात झाड लावू, दिवाळीत कंदील लावू, येथवर त्यांचे बोलणे झालेले असते, म्हणजे मालिकेने शिकविले तेथपर्यंत. पुढचे मालिकेने शिकविलेले नसते. आणि खरे बोलावयाचे तर आपल्या घरांनीही शिकविलेले नसते.

नास्तिकाचे चित्र यापेक्षाही ठरावीक साच्याचे आहे. 'द बिग बँग थिअरी' ही मालिका १९९९ च्या पिढीपासून आजच्या महाविद्यालयीन मुलांपर्यंत सर्वांनी पाहिली आहे. २००७ ते २०१९ या काळात तिचे २७९ भाग झाले. तिचा नायक शेल्डन कूपर हा पदार्थविज्ञानवेत्ता. बुद्धी अचाट, परंतु दुसऱ्याचे मन कळण्याची शक्ती जवळजवळ नाही. तो नास्तिक. त्याची आई मेरी टेक्सास प्रांतातील कडवी प्रॉटेस्टंट. मनाने प्रेमळ, परंतु जगाविषयी अजाण व परधर्मीयांविषयी तोंडाने फटकळ. म्हणजे वाटणी अशी झाली: बुद्धी सारी अश्रद्धेच्या पारड्यात, माया सारी श्रद्धेच्या पारड्यात. ही वाटणी दोन्ही पक्षांवर अन्याय करणारी आहे. श्रद्धावंतास विचार करता येत नाही, हे जितके खोटे, तितकेच नास्तिकास प्रेम करता येत नाही, हेही खोटे. आमच्या ओळखीचे जे नास्तिक आहेत त्यांपैकी एकही शेल्डनसारखा नाही. कोणी आजारी बापाची शुश्रूषा करणारा, कोणी गरिबांचे खटले फुकट चालविणारा. आणि कोणी असाही, की ज्याने देवाचा त्याग पुस्तक वाचून नव्हे, तर श्रद्धावंत म्हणविणाऱ्यांचे वर्तन पाहून केला. निरीश्वरवादाच्या उत्पत्तीत श्रद्धावंतांच्या वागणुकीचाही काही वाटा असू शकतो, हे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने सन १९६५ मध्ये स्पष्टपणे मान्य केले आहे. असला नास्तिक विनोदी मालिकेत सहसा येत नाही. कारण त्याची जखम हास्यास अनुकूल नसते.

तरीपण एकदा तो आला होता. नॉर्मन लिअर यांची 'ऑल इन द फॅमिली' ही मालिका १९७१ पासून १९७९ पर्यंत चालली. तिच्यात आर्ची बंकर हा तोंडाळ व पूर्वग्रहांनी भरलेला गृहस्थ आहे, त्याची साधीभोळी, श्रद्धाळू बायको ईडिथ, मुलगी ग्लोरिया, आणि देव न मानणारा, पोलिश वंशाचा जावई माईक. सासरा व जावई यांची रोजची जुगलबंदी हाच मालिकेचा प्राण. परंतु सन १९७७ च्या नाताळात दाखविलेल्या कथेत ईडिथच्या एका स्नेह्याची रस्त्यात गुंडांकडून हत्या होते, आणि आयुष्यात प्रथमच या बाईचा देवावरील विश्वास ढासळतो. ऐन नाताळात तिला देवळात जाववत नाही. आर्ची गडबडून जातो. त्याला काय बोलावे तेच सुचत नाही. अशा वेळी तिच्यापाशी जाऊन बसतो तो माईक. स्वतः देव न मानणारा हा जावई सासूस अश्रद्ध करण्याची संधी साधीत नाही. सर्व गोष्टींचा उलगडा माणसास एकदमच व्हावा असे थोडेच आहे, अशा आशयाचे काही तो तिला समजावितो, तिच्यावाचून घराचे कसे होईल हे तिला जाणवून देतो. आणि ती पुन्हा कुटुंबाच्या पंगतीत येऊन प्रार्थना करते. श्रद्धाळू माणसास त्याच्या श्रद्धेपाशी परत पोहोचविणारा नास्तिक! आम्ही धर्मगुरू सांत्वनाच्या भेटींस जातो तेव्हा पुष्कळदा अधिक बोलतो. या जावयाने थोडे बोलून अधिक केले. असा मनुष्य आपल्या घरातही असू शकेल, हे लक्षात ठेवावे.

आता त्या कुंडापाशी येऊ. याच मालिकेत सन १९७६ मध्ये माईक व ग्लोरिया यांच्या तान्ह्या मुलाच्या, जोईच्या, बाप्तिस्म्याचा प्रश्न उभा राहतो. आईबाप म्हणतात, मूल मोठे झाल्यावर आपला मार्ग आपण निवडील. आर्चीस हे सहन होत नाही. तो नातवास गुपचूप देवळात घेऊन जातो. आईबापांच्या संमतीवाचून बाप्तिस्मा देण्यास तेथील पाळक नकार देतो. पाळकाची पाठ वळल्यावर हा आजोबा स्वतःच बाळाच्या डोक्यावर पाणी घालतो. येथे प्रेक्षक हसतात. पण ते हसणे घशात अडकल्यासारखे होते. कारण एरवी कोणाचीही पर्वा न करणारा हा मनुष्य येथे प्रथमच खराखुरा भ्यालेला दिसतो. नातवाच्या आत्म्यासाठी तो भ्यालेला आहे.

या प्रसंगाविषयी धर्मगुरू या नात्याने आमचा निर्णय सांगणे आम्हास प्राप्त आहे, कारण हा प्रसंग केवळ पडद्यावरचा नाही. वर्षातून एकदोनदा तरी एखादी आजी तिन्हीसांजेस दबक्या पावलांनी येते आणि म्हणते, "फादर, सून कामावर असताना बाळाला आणते, कोणाला कळायचे नाही." त्या आजीच्या प्रेमाविषयी आम्हास तिळमात्र शंका नसते. तरी आमचे उत्तर त्या पाळकाप्रमाणेच नकाराचे असते. बाळ मरणाच्या दारात असेल तर गोष्ट वेगळी. त्या वेळी कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. परंतु एरवी आईबापांची, निदान दोघांपैकी एकाची, संमती असली पाहिजे, आणि मूल कॅथलिक श्रद्धेत वाढविले जाईल अशी सबळ आशा असली पाहिजे, असे संहिता सांगते. पाणी, शब्द व हेतू यथायोग्य असतील तर चोरून दिलेला बाप्तिस्माही वैध ठरेल. पण वैध असणे व योग्य असणे यांत अंतर आहे. देवाने मूल आईबापांच्या स्वाधीन केले. त्यांच्या पाठीमागे देवाचे काम करावयास जाणे म्हणजे देवावर अविश्वास दाखविणेच होय. शिवाय, आजीबाई, ज्या दिवशी हे सुनेस कळेल त्या दिवशी तिच्या मनात येशूचे नाव कोणत्या भावनेशी जोडले जाईल, याचा विचार करावा.

दुसरा बाप्तिस्मा अगदी अलीकडचा. शेल्डनच्या बालपणाची कथा 'यंग शेल्डन' या मालिकेत २०१७ पासून २०२४ पर्यंत सांगितली गेली. (या मालिकेत तरुण मेरीचे काम करणारी झोई पेरी ही पहिल्या मालिकेतील मेरीची, म्हणजे लॉरी मेटकाफ या अभिनेत्रीची, खरीखुरी कन्या आहे.) अखेरच्या भागात शेल्डनचे वडील वारलेले आहेत. शोकाने सैरभैर झालेली आई मुलांनी बाप्तिस्मा घ्यावा म्हणून आग्रह धरते. मुलगी साफ नाकारते. आणि ज्याने वर्षानुवर्षे पाळकाशी वाद घातला तो शेल्डन मात्र बाप्तिस्मा घेतो. श्रद्धा जागी झाली म्हणून नव्हे. आईस त्याने धीर येईल म्हणून.

हा प्रसंग पाहून आमच्या कित्येक मातांच्या डोळ्यांस पाणी आले असेल, आणि ते योग्यच आहे. परंतु येथेही धर्मगुरूस नाही म्हणावेच लागेल. सात वर्षे पूर्ण झालेली, जाण आलेली व्यक्ती बाप्तिस्म्याच्या बाबतीत आमच्या संहितेत प्रौढ समजली जाते. तिने स्वतः इच्छा प्रकट केली पाहिजे आणि श्रद्धेची तत्त्वे जाणली पाहिजेत. मेरी ज्या बॅप्टिस्ट पंथाची आहे तो तर स्वतः श्रद्धा कबूल करणाऱ्यासच बाप्तिस्मा देतो. मग या मुलाने केले ते काय? त्याने संस्कार घेतला असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्यास दुसऱ्याचे मन कधी कळत नव्हते त्यास त्या दिवशी आईचे मन कळले, आणि त्याने तिच्यासाठी आपला अभिमान बाजूस ठेवला. त्या कृत्यात देवाचे बोट नव्हते, असे म्हणण्याचे धाडस आम्हास होत नाही. आणि जिने नकार दिला त्या मुलीसही आम्ही दोष देत नाही. संस्काराची थोरवी ओळखल्यामुळेच कित्येकदा माणूस खोटेपणाने तो घेण्याचे टाळतो.

पाहा, दोन्ही प्रसंगांत विनोद थांबतो. आजोबाचे भय आणि आईचा शोक यांवर २२ मिनिटांचा तोडगा निघत नाही. म्हणून लेखकांनी एकदा चोरीचा मार्ग दाखविला आणि एकदा दयेपोटी केलेल्या सोंगाचा. तिसरा मार्ग पडद्यास दाखविता येत नाही. कारण तो फार लांब आहे. तो संत मोनिकेचा मार्ग. तिचा विवाह मिश्रविवाहच होता. तिचा पती पॅट्रिशियस मूर्तिपूजक व तापट होता, आणि आयुष्याच्या अखेरीस त्याने बाप्तिस्मा घेतला. तिचा बुद्धिमान मुलगा ऑगस्टिन तिच्या श्रद्धेस बालिश समजून वर्षानुवर्षे दूर राहिला. मुलाशी बोलून त्याचे मन वळवा, म्हणून ती एका महागुरूस विनवीत असता, सध्या त्यास तसेच असू द्या व त्याच्यासाठी प्रार्थना करा, असा सल्ला त्यांनी दिला. सन ३८७ च्या पास्काच्या सणास मिलान नगरात संत अँब्रोज यांच्या हस्ते ऑगस्टिनने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्याचे वय ३२ वर्षांचे होते. तो त्याने आईच्या समाधानासाठी घेतला नाही, आणि आईनेही तो चोरून उरकला नाही. त्याच वर्षी ती वारली.

तेव्हा, बंधुभगिनींनो, मालिका खुशाल पाहा आणि पोटभर हसा. परंतु पडदा बंद झाल्यावर जेवणाच्या ताटावर हे विषय काढा. मुलाने वा मुलीने दुसऱ्या धर्मातील व्यक्तीचे नाव घरात प्रथम उच्चारताच आकांत करू नका, आणि "चालायचेच" म्हणून गप्पही बसू नका. त्यांस विचारा, ऐका, आणि आपण स्वतः काय मानतो ते साध्या शब्दांत सांगा. ते सांगता येत नसेल तर तो दोष मालिकेचा नव्हे. जी हिंदू सून आपल्या पतीस व लेकरांना दर रविवारी देवळापर्यंत पोहोचविते व स्वतः मागच्या बाकावर बसते, तिच्यापाशी जाऊन तिची विचारपूस करा. जो मुलगा देवळात येत नाही त्यास टोमणे मारू नका. घरात मरण वा दुखणे आले तर माईकप्रमाणे तोच आधी धावून येईल, असे पुष्कळदा घडते. आणि श्रद्धावंत पत्नीमुळे श्रद्धाहीन पतीही पवित्र होतो, असे संत पौलाने करिंथकरांस कळविले आहे, ते अशा घरांसाठीच आहे हे विसरू नका.

ज्यांनी पन्नास वर्षांपूर्वी हे देऊळ उभारले त्यांच्यापुढे हे प्रश्न नव्हते. त्यांच्यापुढे दगडचुन्याचे प्रश्न होते, आणि ते त्यांनी घाम गाळून सोडविले. आमच्या वाट्यास हे आले आहेत. ते सोडविण्यास लागणारा धीर व प्रेम प्रभू येशू ख्रिस्त आपणा सर्वांस देवो, आणि पवित्र मारियेची व संत मोनिकेची मध्यस्थी आपल्या प्रत्येक घरास लाभो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.